फोपसा चेंडू

छाया सहारे सौंसरला बास्केटबॉल शिकवायची आणि हरायची. दोन्ही कामं तिनं अठरा वर्षं इमानेइतबारे केली. कॉलेजात असताना नागपूरच्या निवडीत ती दोन बोटांनी बुटकी ठरली, तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं की आता खेळाडू घडवायच्या. खेळाडू घडायच्याही, पण जरा हात बसला की पोरीचं लग्न तरी ठरायचं, नाहीतर नागपूरला अॅडमिशन तरी मिळायची. महिला संघाच्या नावावर एकही विजय नव्हता. बसस्टँडवर लोक विचारायचे, "मॅडम, यंदा कितीनं?" आणि ती आकडा सांगून टाकायची. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग पांढुर्णा जिल्हा झाला आणि वीरेंद्रबाबू नावाचे नवे क्रीडा अधिकारी आले. माणूस सज्जन, म्हणूनच जास्त धोक्याचा. त्यांनी छायाची फाइल वाचली. अठरा वर्षांत ती कुणीच वाचली नव्हती.

"मॅडम, एक सामना जिंका," ते म्हणाले. "एकच. नाहीतर तुमचं पद मला ठेवता येणार नाही."

छायाकडे तेव्हा संघ म्हणून एकटी स्नेहा होती, आणि तिलाही परवा पाहुणे बघून गेले होते. अशा अवस्थेत माणूस काय करणार? छाया संत्री घ्यायला मार्केट यार्डात गेली.

तिथं रामाकोन्याची यमुना निवडायला बसली होती. वय चाळीस, समोर तिच्या डोक्याहून उंच ढीग. संत्रं हातात आलं की अंगठ्यानं एकदा दाबायचं, की सुटलं. एक नंबरचं उजवीकडे, बारकं डावीकडे, आणि आतून पोकळ, फोपसं निघालं तर डाव्या खांद्यावरून सरळ मागच्या ढिगात. बघायचं कुठंच नाही. तोंडानं शेजारच्या वत्सलाला सासूची गाऱ्हाणी सांगणं चालूच. छाया अर्धा तास उभी होती. एकही संत्रं ढिगाबाहेर पडलं नाही.

"यमुनाबाई, बास्केटबॉल खेळाल का?"

"बसून खेळतेत का उभं राहून?"

"उभं राहून."

"मंग एका घंट्याच्या वर नाई जमणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निवडणाऱ्या सहा बाया कोर्टावर हजर झाल्या. छायानं सगळी शिकवण एका वाक्यात उरकली: ती वरची जाळी म्हणजे एक नंबरचा ढीग. मग काय, चेंडू जाळीत पडू लागले. बाया एकमेकींकडे न बघता पास द्यायच्या. टप्पे मात्र एकीनंही घेतले नाहीत.

"माल काहून आपटाचा, मॅडम?" वत्सला म्हणाली. "डाग पडते."

सामना जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, सौंसरलाच झाला. समोर पांढुर्ण्याच्या कॉलेजातल्या उंच, चपळ पोरी. वीरेंद्रबाबू नवा चेंडू घेऊन आले होते, आणि कोटाच्या दोन खिशांत दोन पाकिटं. डाव्या खिशात पद चालू ठेवल्याचं पत्र, उजव्यात संपवल्याचं. दोन्हींवर सही करूनच आणली होती, म्हणजे पुन्हा सौंसरची चक्कर नको.

उत्तरार्धात चेंडूची हवा जाऊ लागली. छायाला ते सगळ्यांआधी कळलं. कॉलेजच्या पोरींचे टप्पे गुडघ्यापाशीच मरत होते, आणि आपल्या बाया तर टप्पे घेतच नव्हत्या. चौदा-आठ, आपण पुढे. पंचाला सांगायला हवं होतं. छाया पाण्याच्या टाकीकडे बघत बसली. तिला फार म्हणजे फार जिंकावंसं वाटत होतं. अठरा वर्षं सचोटीनं हरलेल्या बाईला एवढंही वाटू नये काय?

दोन मिनिटं उरली असताना चेंडू यमुनाच्या हातात आला, नेमका जाळीखाली. तिनं अंगठा दाबला, आणि चेंडू डाव्या खांद्यावरून मागे भिरकावला. तो कोर्टाबाहेर वीरेंद्रबाबूंच्या मांडीवर पडला.

चेंडू परत आत आला. पुढच्या खेपेला तो वत्सलाला मिळाला. तिनंही दाबला आणि मागे टाकला. छायानं घाईघाईनं टाइमआउट घेतला.

"यमुनाबाई, दोनच मिनिटं राहिलीत. आहे तोच टाका."

"फोपसा हाय थो, मॅडम. एक नंबरच्या ढिगात नाई जात."

"माझी नोकरी जाईल हो."

यमुनाला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं चेंडू आणवला आणि छायाच्या हातात दिला. "मंग तुमीच दाबून सांगा. फोपसा हाय का नाई?"

छायानं दाबला. अंगठा आत गेला. ती स्वतःच्या पायांनी पंचाकडे गेली आणि म्हणाली, "बदला. मला मघापासून माहीत होतं."

चेंडू बदलला. कॉलेजच्या पोरींना जणू पाय फुटले. त्यांच्या आठाचे सोळा झाले, आपले चौदाच राहिले.

वीरेंद्रबाबूंनी उजव्या खिशातलं पाकीट काढलं, चुकीचं तर नाही ना म्हणून उघडून पाहिलं, आणि खरोखर दुःखी चेहऱ्यानं छायाला दिलं. छायानं पत्र वाचलं. सगळ्यांसमोर रडायचं नाही असं ठरवूनही ती रडली.

यमुनानं तिच्या हातातून तो कागद घेतला. अंगठ्यानं एकदा दाबला, आणि न बघता डाव्या खांद्यावरून मागे टाकला. तो भिंतीशी पडलेल्या फोपशा चेंडूजवळ जाऊन पडला. वीरेंद्रबाबू उचलायला निघाले, पण बाकीच्या पाचजणींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी थांबले.

"उद्या साडेपाचलेच ना, मॅडम?" यमुनानं विचारलं.

"सहाले करा," वत्सला म्हणाली. "थंडी लय हाय."

छायानं ओढणीनं नाक पुसलं. "साडेपाच," ती म्हणाली.