मडकं पालथं घालायचा सीन

आमचं घर गरीब दिसावं म्हणून पिच्चरवाल्यांना फार मेहनत करावी लागली. आधी टीव्ही बाहेर गेला, मग गॅसचा सिलिंडर, मग माझं शिलाई मशीन. पंखा उतरवला. कॅलेंडर काढलं तर मागे भिंतीचा रंग ताजा निघाला, म्हणून तिथे माती फासली. लग्नानंतर एकेक वस्तू आम्ही दोघांनी घासाघीस करून आणली होती आणि ही शूटिंगवाली पोरं ती उचलून गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवत होती. शेवटी मागच्या खोलीच्या कुडाच्या भिंती, चूल आणि आम्ही नवराबायको एवढंच उरलं. "आता कसं बरोबर वाटतंय," दिग्दर्शक मॅडम म्हणाल्या. मला हसूच फुटलं.

गोष्ट एका गरीब जोडप्याची होती. नवऱ्याचं काम सुटतं, घरातलं सामान विकलं जातं, बायको झिजत जाते, आणि एका सकाळी तो उठतो तर ती उठतच नाही. बस, संपला पिच्चर. "हा बघायला लोक तिकीट काढतील?" माझ्या नवऱ्याने विचारलं. मॅडमही हसल्या. बाई मनाने चांगली होती.

आम्हाला त्यांनी मुरबाडच्या स्टँडवर हेरलं होतं. नवरा मुरबाड-कल्याण जीप चालवतो. म्हशाच्या जत्रेत "बैल बघून येतो" म्हणून तो मला घोंगड्यांच्या दुकानापाशी उभी करून जो गेला, तो उन्हं कलली तरी परतला नाही. परत आल्यावर स्टँडपर्यंत मी त्याची खरडपट्टी काढत होते. ते ऐकून मॅडमना वाटलं, आपल्याला हवं ते दुःखी जोडपं हेच.

शूटिंगमध्ये मला हसायची बंदी आणि त्याला बोलायची. प्रवाशांशी गप्पा मारता मारता थांबा मागे टाकणारा हा माणूस कॅमेऱ्यापुढे असा काही गप्प बसला की मलाच त्याची कीव आली. त्या दिवशी मी त्याला एक भाकरी जास्त वाढली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो सीन आला. घरातले तांदूळ संपलेत. बायको मडकं उचलते, चुलीपुढे पालथं घालते, बुडावर थापट्या मारते. दोनचार दाणे पडतात, ती ते वेचते. मॅडमनी करून दाखवलं आणि मी म्हणाले, "हे मी नाय करणार."

आमच्याकडे तांदळाचं भांडं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. तळाशी मूठभर तरी ठेवायचे. पालथं घालणं तर दूरच, तसं नुसतं बोललं तरी आई ओरडायची. मॅडमना वाटलं मी त्यासाठीच अडून बसलेय. त्या "आपण पूजा करून घेऊ" वगैरे म्हणायला लागल्या. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

माझं माहेर किन्हवलीजवळ. भातशेतीवाली, आपलं नाव जपणारी माणसं. किन्हवलीहून मुरबाडला कॉलेजला जाता-येता मी, तेव्हा त्याच रस्त्यावर जीप चालवणाऱ्या या माणसाच्या प्रेमात पडले. डोंगराकडच्या गावचा, आमच्या समाजाबाहेरचा, चार काकऱ्या वरकस, भात न पिकणाऱ्या जमिनीचा मालक. घर सोडलं त्या दिवशी बाबा ओट्यावर उभे राहून म्हणाले होते, "जा. येक दिवस तांदळाचं मडकं पालथं घालशील, तवा कलंल तुला. तवा माझ्या दारात येव नको." अख्ख्या आळीने ऐकलं. त्यानंतर बाबा माझ्याशी बोलले नव्हते. आई चोरून फोन करायची. मी मशीनवर ब्लाउज शिवत एकेक वस्तू घरात आणली त्यातली निम्मी तरी बाबांच्या त्या एका वाक्याला उत्तर म्हणून. आणि आता जे वाक्य मी खोटं पाडलं, तेच मी कॅमेऱ्यापुढे करून दाखवायचं!

नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो मला गोठ्याकडे घेऊन गेला. म्हणाला, "मडकं कुणाचं? त्यांनी आणलेलं. तांदूळ कुणाचे? त्यांचे. आपलं तांदळाचं पिंप हितं गोठ्यात भरलेलं हाय. मंग पालथं कोण घालतंय? ते घालतायत, तू नुसता हात लावायचा." वकील व्हायचा तो जीपवाला झाला. मी चिडले, पण त्या चिडीतच जाऊन मडकं पालथं घातलं. एका फटक्यात सीन झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण त्यांनी त्याचं श्रेय माझ्या अभिनयाला दिलं.

वर्ष उलटून गेलं. पिच्चर तयार झाला, मुरबाडला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून बाजारात भाजीवाली मला मागितल्यापेक्षा जास्त कांदे टाकायला लागली. "अगो, ते नाटक हाय, आमी चांगले जेवतो," मी सांगून दमले. ती म्हणायची, "असू दे गो, घे." राग यायचा आणि कांदेही घरी यायचे.

मग मॅडमनी ठरवलं की किन्हवलीलाही दाखवायचा. मी म्हटलं, कुठेही दाखवा, किन्हवलीला नको. पण लग्नाचा हॉल ठरला होता, पडदा लागला होता. दुपारी आईचा फोन आला, हळू आवाजात, "बाबा येतायत गो बघायला."  बाबा मागच्या रांगेत येऊन बसले. माझ्याकडे बघितलंही नाही.

पडद्यावर आमची मागची खोली दिसली, माझा ओढलेला चेहरा दिसला. सुरुवातीला ओळखीचे लोक हसत होते, मग गप्प झाले. मडक्याचा सीन येणार म्हणून मी मान मागे वळवून बसले. थापट्यांचा आवाज आला. एक, दुसरी. बाबा उठले आणि दार ढकलून बाहेर गेले. पुढचा पिच्चर मी पाहिलाच नाही, त्या दाराकडे बघत राहिले. ते आत आले नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत बसून होती, पदराने डोळे पुसत.

घरी येताना मी जीपमध्ये रडले. नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या वकिलीने माझं माहेर कायमचं संपलं." त्याने वाटेतल्या प्रवाशांसाठीही जीप थांबवली नाही. 

त्याच आठवड्यात एका सकाळी मी मशीनवर बसले होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर बाबा. खांद्यावर गोणी. किन्हवलीहून एसटीने आणि मग जीप बदलून, त्या वयात, तांदळाची गोणी घेऊन आलेले. घाम निथळत होता. धावत जावं असं वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच. "आमच्याकडे खायला आहे, बाबा."

 बाबांनी गोणी उतरवली, चपला काढल्या, आत आले. पंख्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "ह्ये पिच्चरमंदी कुठं व्हतं?"

"गोठ्यात."

ते आत गेले, पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग झाकण लावून भिंतीला टेकून खाली बसले.

"नाटक असतं, ठावं हाय मला," ते म्हणाले. "पन ते मडकं पालथं घालायला त्या बाईनं नाय सांगितलं तुला. मीच सांगितलं व्हतं."

 मी पाणी आणून ठेवलं, ते प्यायले. थोड्या वेळाने जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "मी मधनंच उठलो. फुडं पिच्चरमंदी काय व्हतं त्या दोघांचं?"

आईने त्यांना शेवट सांगितला नसेल, हे होणं शक्य नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. त्यांना माहीत होतं, आणि तरी ते माझ्याकडून ऐकायला बसले होते.

मी म्हणाले, "पुढे तिचे बाबा येतात."

त्यांनी मान वर केली. "मंग?"

"मग ती चूल पेटवते. भात घालते."

"आन् तो? नवरा?"

"त्याला परत काम लागतं. जीप चालवतो. दुपारी जेवायला घरी येतो."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं, घडी करून मांडीवर ठेवला.

"मंग थांबू त्येच्यासाठी," ते म्हणाले.