सॉकेटला लागलेलं कुलूप

सकाळी उपाशीपोटी तुमचं रक्त घ्यायला जी बाई दारात येते, ती कशावर बसून येते हे तुम्ही कधी गॅलरीतून वाकून पाहिलंय का? नसेल पाहिलं. तुमचं सगळं लक्ष सुईकडे असतं.

तिला सगळे सुईताईच म्हणायचे. लॅबचं काम करायची. खांद्याला सॅम्पलचा डबा, घरोघर फेरी. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, एका टोचणीत नळी भरायची. दुसरी टोचणी तिला माहीतच नव्हती. लोक लॅबला फोन करून सांगायचे, "सुईताईंनाच पाठवा, मागच्या वेळच्या बाईंनी हाताची चाळण केली." हे ऐकलं की ती वरवर रागवायची आणि दिवसभर आतून फुललेली असायची.

तिची स्कूटर विजेवर चालणारी, दुकानातली सगळ्यात स्वस्त. रोजच्या वाटेतल्या चढावर तिचा जीव जायचा. त्या चढावर एक म्हातारी रोज फिरायला येई. तिने एकदा शेजारून चालता चालता विचारलं होतं, "ढकलू का गं?"

पण खरं दुखणं चढाचं नव्हतं, बॅटरीचं होतं. ती काढून घरी चार्ज करावी लागे. वजन भरल्या बादलीहून जास्त, घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट कागदावर. नवरा शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणत. तोच रोज बॅटरी वर न्यायचा आणि जिन्यात थांबून म्हणायचा, "लग्नात तुला उचललं नाही, ते आता वसूल करतेस होय?"

मग मास्तरांची कंबर बसली. बॅटरी सुईताईच्या हातात आली, आणि हातातून दुखणं होऊन मनगटात.

चढापलीकडे एक निवृत्त शिक्षक राहायचे. शिरा दोऱ्यासारख्या, पण माणूस दिलदार. एका सकाळी सुईताईची सुई त्यांच्या हातात चुकली. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली. सर शांतपणे म्हणाले, "ताई, आज हात कुठे विसरून आलात?" ते ओरडले असते तर परवडलं असतं. लॅबला तक्रारीचा फोन केला तो त्यांच्या मुलीने.

त्याच दिवशी ती स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणाला, "ताई, मोठी लिथियम बॅटरी बसवू. पायाखालच्या फळीत, बोल्ट मारून. काढायची भानगडच नको. खाली पार्किंगमध्ये वायर लावा आणि खुशाल झोपा. जुनी मला द्या, तेवढे पैसे कमी घेतो."

तुम्ही म्हणाल, आधी विचारायचं नाही का कुणाला? विचारलं होतं. इमारतीच्या कमिटीला विचारलं, विजेचा वेगळा मीटर घेऊन पार्किंगमध्ये सॉकेट बसवलं, चेअरमन काकांनी स्वतः "लाव की" म्हटलं. मगच जुनी बॅटरी दिली. ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेलीसुद्धा.

आणि गाडी काय पळाली म्हणता. चढावर म्हातारी मागे पडली, तेव्हा सुईताईने मान वळवून विचारलं, "बसता का आजी?" मनगट हळूहळू बरं झालं. सरांनी नळी भरताना बघितली आणि म्हणाले, "हात सापडला वाटतं."

मग तो व्हिडिओ आला. कुठल्या तरी परक्या शहरातली इमारत, पार्किंगमध्ये जळणारी स्कूटर, जिन्यातून वर चढणारा काळा धूर. इमारतीच्या ग्रुपवर एकाने टाकला, सगळ्यांनी पुढे पाठवला. सुईताईनेही तो पाहिला. तिलाही झोप लागली नाही, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

मीटिंगमध्ये चेअरमन काका म्हणाले, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण वर मुलं झोपतात."

"काका, त्यातली दोन माझीच आहेत."

"मग तर तुम्हाला आधी कळायला हवं."

काका वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग सॉकेट बाहेर कुंपणाच्या भिंतीवर हलवू? जिन्यापासून लांब, उघड्यावर. खर्च माझा."

"बघू पुढच्या मीटिंगमध्ये."

दुसऱ्या दिवशी सॉकेटवर लोखंडी पेटी बसली, पेटीला कुलूप.

आता फिरा. मिस्त्री म्हणाला, "काढून देतो ताई, पण ही दोघांनी उचलायची आहे. वर नेणार कोण?" मास्तरांनी कंबरेवर हात ठेवला. लॅबवाले म्हणाले, "इथलं पार्किंग डॉक्टरांचं आहे." मिस्त्रीच्या दुकानात लावावी, तर सकाळी फेरीच्या वेळी त्याचं दुकान बंद, आणि दुपारची लॅबची ड्युटी संपवून ती पोचेपर्यंत तो शटरला हात घालत असे. तेवढ्या वेळात जी काय वीज पोटात जाईल ती. हात वाचवायला केलेली सोय हातावरच उलटली. आगीतून निघाली आणि फुफाट्यात पडली, दुसरं काय.

रोजचं पहिलं घर चेअरमन काकांचंच. काकूंची साखर तपासायची असते. तिथे जायला चार्जिंग लागत नाही, दोन मजले उतरलं की झालं. काकू चहा विचारतात. काका म्हणतात, "तुमच्यासारखा हात नाही कुणाचा." खाली कुलूप तसंच.

परवा गाडी चढाच्या मध्यावर मेली. जुन्या बॅटरीची गाडी हलकी तरी होती, ही ढकलताना दगड ढकलल्यासारखी. मागून म्हातारी आली. या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसता सीटला हात लावला आणि दोघी ढकलत वर गेल्या.

सर उपाशी वाट बघत बसले होते. एवढ्या उशिरापर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी बाही वर केली. सुईताईने पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उघडली. हात थरथरत होता. तो थांबावा म्हणून तिने मांडीवर दाबून धरला. थांबला नाही. तिने सुईला टोपण लावलं.

"सर, आज नको. उद्यापासून दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगते."

"मी थांबतो की. चहा घ्या, हात गरम करा."

"नको सर. तुम्ही खाऊन घ्या."

चढापलीकडची घरं आता दुसऱ्या बाईकडे गेली आहेत. उरली ती चालत जाण्याजोगी, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. स्कूटर पार्किंगमध्ये कापड पांघरून उभी आहे, तिच्या समोर ती लोखंडी पेटी. मास्तर म्हणतात, विकून टाक. ती म्हणते, पुढच्या मीटिंगपर्यंत थांबू. पुढची मीटिंग कधी, ते कुणालाच माहीत नाही.

तुमच्या इमारतीतही कमिटी असेल, व्हिडिओ फिरला असेल आणि खाली एखादी स्वस्तातली स्कूटर उभी असेल. भीती वाटत असेल तर वाटू द्या, ती खोटी नाही. जाणकार वायरमनला बोलवा, जागा जिन्यापासून लांब धरा, शेजारी वाळूची बादली ठेवा. पण कुलूप लावण्याआधी त्या गाडीवर कोण बसतं ते वर जाऊन विचारा. आणि कुलूप आधीच लागलं असेल, तर पुढच्या मीटिंगची वाट बघू नका. आज खाली उतरा आणि किल्ली कुणाकडे आहे ते शोधा.