ब्रायर क्रीकचा एर्ल

लाइल प्रुइटने एकतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर पिवळे पट्टे मारले, आणि त्यातली एकही रेघ कधी वाकडी गेली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण गावाला पट्ट्यांचं काय! गावाचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये. शनिवारी टॉलिव्हर स्टेट, म्हणजे आपलं कॉलेज, जिंकलं की सोमवारी बँकेतली बाई हसून बोलायची, हरलं की पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायचा. लाइलही त्याच मातीचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याला बोलायला उरलं होतं ते एक फुटबॉल आणि एक मुलगी, जनेल.

जनेल तीन गल्ल्या सोडून राहायची. तिचा नवरा गॅरेट त्या टीममध्येच नोकरीला होता. बचावाच्या अगदी मागच्या फळीतली पोरं तयार करायचं काम त्याचं. मोठा कोच नव्हे, हाताखालचा. दर रविवारी चर्च सुटलं की ती दोघं आणि दोघी नाती लाइलकडे जेवायला यायची. गॅरेटला दोन वाजता ऑफिसात हजर व्हायचं असे, म्हणून लाइल सकाळीच मांस, बटाटे, गाजरं ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून चर्चला जायचा. आठवड्यातल्या बाकीच्या सहा दिवसांचं त्याचं जेवण म्हणजे डबा उघडायचा आणि उभ्यानेच खायचं. तो रविवारवर जगत होता म्हटलं तरी चालेल.

आता टीमच्या बचावाविषयी. तो सांभाळायचा हॉलिस ट्रॅस्क नावाचा साठीतला शांत गृहस्थ. त्याची रीत सोपी होती: अंगावर धावायचं नाही, मागे थांबायचं. समोरच्याला छोटे छोटे घास घेऊ द्यायचे, मोठा घास द्यायचा नाही. थकला की तो आपण होऊन चुकतो. रीत काही वाईट नव्हती, पण पाहणाऱ्याचा जीव जायचा. अहो, शनिवारी तीस हजार माणूस उन्हात बसतं ते काय बचावाला माघार घेताना बघायला? गावात ट्रॅस्कला 'आजीबाई' म्हणायला लागले. एका पराभवानंतर त्याच्या अंगणात कोणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवली. त्याची बायको सकाळी हातमोजे घालून बाहेर आली आणि पाटी उपटून गॅरेजमध्ये ठेवून आली.

सोमवारी संध्याकाळी सहाला स्थानिक रेडिओवर लोकांचे फोन घेत. नाव आणि गाव सांगायचं आणि मनातली मळमळ ओकायची. लाइलला मळमळ पुष्कळ, पण जावई टीममध्ये, स्वतःच्या नावाने बोलायची सोय नव्हती. म्हणून एका सोमवारी त्याने आवाज जाड केला आणि सांगितलं, "मी एर्ल, ब्रायर क्रीकचा." बारा मैलांवरचं गाव ते, तिथं काळं कुत्रं त्याला ओळखत नव्हतं. ट्रॅस्कवर तोंडसुख घेणारा एर्ल लोकांना भलताच आवडला. पुढच्या सोमवारी फोन गेला नाही तेव्हा डोनटच्या दुकानात लोक एकमेकांना विचारू लागले, एर्ल कुठे गेला? लाइल तिथेच कॉफी पीत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याची वाट बघत होतं, आणि ते त्याला गोड लागलं. खोटं कशाला बोला, फारच गोड लागलं.

असं वर्षभर चाललं. मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी गॅरेट जेवताना हसत हसत एक गोष्ट बोलून गेला. ट्रॅस्कचे सगळे इशारे गुंतागुंतीचे, पण एक अगदीच भाबडा होता. समोरच्यांच्या चेंडू पुढे न्यायच्या तिसऱ्या प्रयत्नाला त्याने टोपी काढून काखेत धरली, की समजायचं तिघेच पुढे जाणार आणि बाकी आठ मागे उभे राहणार. "इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही," गॅरेट म्हणाला. जनेलही हसली. लाइलने त्याला आणखी रस्सा वाढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एर्लने अख्ख्या काउंटीला टोपीची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याच्या भित्रेपणाचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता, असं त्याला वाटत होतं. आपल्या गावाचा रेडिओ येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना होता त्यांच्या गावातही लागतो हे तो विसरला. माणसाला टाळ्या ऐकू यायला लागल्या की दुसरं काही ऐकू येत नाही.

त्या शनिवारी समोरच्या टीमचा एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत दुर्बीण लावून ट्रॅस्ककडेच बघत होता. टोपी काखेत गेली की तो हात वर करायचा, आणि त्यांचा फेकणारा गडी सावकाश उभा राहून हवा तिथे चेंडू टाकायचा. बावन्न गुण दिले आपल्या पोरांनी. लाइल स्टेडियममध्ये इतरांबरोबर उभा राहून ओरडला, ट्रॅस्कला घालवा. नोव्हेंबरात ट्रॅस्कला घालवलं. गावाने जणू सण साजरा केला.

लाइलचा हिशेब साधा होता: मोठा जाईल, धाकटे राहतील. गॅरेट इथलाच, इथेच खेळलेला, त्याला कोण हात लावणार? पण नवा बचावप्रमुख आला तो आपली माणसं घेऊनच आला. तशीच पद्धत असते, आणि चाळीस वर्षं खेळ बघणाऱ्या लाइलला ती ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? ठाऊक होती. आपल्या घराला ती लागू होईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. नाताळच्या आधी आठ दिवस गॅरेटची नोकरी गेली. आसपास कुठे काम मिळेना. शेवटी मोंटानातल्या एका लहान कॉलेजाने बोलावलं. गाडीने दोन दिवसांची वाट.

जानेवारीत ट्रक भरायच्या दिवशी लाइल मदतीला गेला. दोघं मिळून नातींचा पलंग ट्रकमध्ये चढवत होते. जनेल आत भांडी कागदात गुंडाळत होती. गॅरेटने पलंग टेकवला, दोर आवळला, आणि मागे न वळताच बोलला.

"मिस्टर लाइल, टोपीची गोष्ट मी फक्त तुमच्या टेबलावर बोललो होतो."

गॅरेट चिडला नव्हता, हेच लाइलला जास्त लागलं. सगळे कोच सांगतात की आम्ही रेडिओ ऐकत नाही, आणि दर सोमवारी ऑफिसात रेडिओभोवतीच बसतात, असं गॅरेट म्हणाला. सासऱ्याचा आवाज त्याने पहिल्याच महिन्यात ओळखला होता, हसूही यायचं. टोपीनंतर हसणं संपलं. ट्रॅस्कने हाताखालच्या तिघांना उभं करून विचारलं, कोणाच्या तोंडून गेलं हे? गॅरेट मूग गिळून बसला. मग संशय तिघांवरही राहिला, आणि नव्या माणसाने संशयातले तिघेही नको म्हटले.

"सांगायचं ना माझं नाव," लाइल कसाबसा म्हणाला.

"सासऱ्याचं?" गॅरेटने दोराला दुसरी गाठ मारली. "जनेलला मी काही बोललेलो नाही. तिला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

लाइलने सांगितलं नाही. ट्रक निघाला तेव्हा जनेल गळ्यात पडून रडली, तेव्हाही नाही.

पुढचे आठ महिने गाव नव्या बचावाचंच गाणं गात होतं. आता माघार नाही, आता सरळ अंगावर जायचं. सहा जण, सात जण पुढे, फेकणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल भरताना, जो तो सांगे की यंदा समोरच्याची काही धडगत नाही. लाइलला लोक थांबवून विचारायचे, जावयाचं वाईट झालं, पण टीमचं सोनं झालं की नाही? लाइल हो म्हणायचा. रविवारी ओव्हन पेटत नव्हता.

सप्टेंबरात पहिला सामना आपण धुवून काढला. समोरचा फेकणारा आठ वेळा मातीत लोळला, आणि परके लोक लाइलच्या पाठीत थापा मारत होते. दुसऱ्या सामन्यात समोरच्यांना युक्ती कळली. सगळे पुढे धावले की मागे मोकळं रान, चेंडू डोक्यावरून टाकायचा की झालं. तिसऱ्यातही तेच. मागच्या फळीतली पोरं एकटी पडून धावत होती, आणि त्यांना कुठे उभं राहायचं हे शिकवणारा माणूस मोंटानात होता. लाइलच्या मागच्या रांगेतला एक जण ओरडला, घालवा या नव्या शहाण्याला, याच्यापेक्षा आजीबाई बरी. आजूबाजूचे हसले. लाइल उठून घरी आला. सामना अजून अर्धा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, नेहमीप्रमाणे त्याने जनेलला फोन लावला. नाती शाळेत रमल्या होत्या. थंडी आतापासूनच पडली होती. मग तिनेच विषय काढला, बापाला बरं वाटावं म्हणून असेल. हरलो ना काल, म्हणाली. आणि मग:

"डॅडी, तो एर्ल काय म्हणतो हो आता? खूश आहे का?"

"तो आता फोन करत नाही."

"मला एकदा भेटायचंय त्याला. काही बोलणार नाही. नुसतं बघायचंय, घरात कोणी माणसं आहेत का त्याच्या."

लाइल खुर्चीत बसला होता तो उभा राहिला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"जनेल, तो मीच."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं, ते बंद झालं.

"टोपीचंही तुम्हीच?"

"हो."

"गॅरेटला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर लाइलला सोसलं असतं.

"गेल्या वर्षी त्या बावन्न गुणांनंतरच्या रविवारी मी गॅरेटला म्हटलं होतं, आज नको जायला, तुझा चेहरा बघ कसा झालाय," ती म्हणाली. "तर म्हणाला, चल, डॅडी एकटेच जेवतील." मग तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्याच वेळी लाइलने पुन्हा फोन केला. गॅरेटने उचलला. जनेल बाजारात गेलीय म्हणाला, आणि त्याच्या मागून जनेलचा आवाज येत होता, पोरींना हात धुवायला सांगत होती. गॅरेटनेही तो ऐकला असणार.

"तुम्ही जेवलात का, मिस्टर लाइल?" गॅरेटने विचारलं.

न उघडलेला डबा हातात धरून लाइल हो म्हणाला.