चित्रांशी भांडणाऱ्या आक्का

आमच्या घरमालकीण आक्का चित्रांशी भांडायच्या. वडील पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर झाले, म्हणून आम्ही साताऱ्याकडून येऊन कासारवाडीत आक्कांच्या खोलीत भाड्याने राहिलो. आक्कांना अक्षर वाचता येत नसे. पण पिंपरी कॅम्पात बाजाराला गेल्या की दुकानावरच्या प्रत्येक जाहिरातीपुढे थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "वाच गं, काय म्हनती ही बया."

एकदा दुधाच्या पावडरीच्या डब्यावर एक आई होती. रेशमी साडी, अंबाड्यात गजरा, मांडीवर गुटगुटीत मुलगा आणि खाली 'आदर्श माता'. आक्कांनी ती नीट न्याहाळली. "चार म्हैन्याचं पोर मांडीवर, आन् साडीला एक डाग न्हाई. दुसरीचं पोर घिऊन बसलीया." माझी आई शेजारीच धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती, केस विस्कटलेले, खांद्यावर दुधाची गुळणी. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

माझ्यावरचं संकटही असंच एका चित्रातून आलं. शिलाई मशीनच्या कंपनीचं कॅलेंडर वडिलांनी हौसेने भिंतीला लावलं. रिबिनी बांधलेली मुलगी मशीनवर बसलेली, आणि खाली ओळ: 'सुलक्षणी मुलीचा खरा दागिना'. मी नुकतीच सातवी पास झाले होते. पुढे शिकायचं तर आगगाडीने पुण्याच्या हायस्कुलात जावं लागणार होतं. वडील वाईट नव्हते, पण छापलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. शाळा बंद, घरात मशीन, आणि मी शिवण शिकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी दोन दिवस रडले.

मशीन आलं त्या दिवशी आक्का उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"फिटर, गावात कापडं कोन शिवतं?"

"शिंपी," वडील म्हणाले.

"गडी का बाई?"

"गडीच की, आक्का."

"मंग गावात गड्याचं काम आन् घरात आलं की पोरीचा दागिना व्हय? कंपनीत यंत्राला त्याल घालतोस, हितं बी घाल."

वडील चिडले आणि खरंच तेलाची बुधली घेऊन बसले. फिटर माणसाने एकदा यंत्र उघडलं की त्याची संध्याकाळ गेलीच. आठ दिवसांत ते स्वतःच पाय मारू लागले. पहिल्या झबल्याची एक बाही उलटी बसली, पण पुढे आईचं पोलकंसुद्धा जमलं. मग मशीनला हात लावायची मलाच बंदी झाली. "सुई मोडशील," म्हणायचे. अशी निरुद्योगी मुलगी घरी ठेवून करायचं काय? जूनमध्ये त्यांनीच माझं नाव हायस्कुलात घातलं. शाळेचा निळा परकरही त्यांनीच शिवला.

पहिल्या दिवशी आक्का मला स्टेशनवर सोडायला आल्या. भाडेकऱ्याच्या पोरीसाठी एवढं का केलंत, असं मी त्यांना विचारलं. त्या हसतच म्हणाल्या, "नऊ वर्साची व्हते तवा माजं लगीन ठरलं. बापानं समद्या भावकीला इचारलं, पावन्यांना इचारलं. मला न्हाई इचारलं." गाडी आली आणि त्यांनी मला आत ढकललं.

आक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण आली नाही असा महिना जात नाही. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा मुलीचा दाखला काढायला एखादा बाप आला, की मी त्याला चहा द्यायची, मुलीला आत बोलवायची आणि त्याच्यासमोर तिला विचारायची, "बाळ, तुला काय करायचंय?" बहुतेक मुली आधी वळून मागे बघत, मी दुसऱ्याच कुणाला विचारतेय असं वाटून.