दाजींचा फ्रीज आणि अक्काचा कोबा

फ्रीज जागचा हलवायचा बेत कित्येक वर्षं मुरत ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. तसा माणूस सोन्यासारखा. पण त्यांच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून पाय टाकून बघा! अक्कानं नव्या संसारात हट्टानं करून घेतलेला लाल सिमेंटचा कोबा आहे तिथं. नारळाच्या खोबऱ्यानं घासून घासून तिनं तो इतका तुकतुकीत केला की वाकून बघितलं तर आपलं नाक दिसतं. कोब्याची गंमत अशी, की एकदा ओरखडा उठला की उठला. ठिगळ लावलं तर ते ओरखड्यापेक्षा जास्त दिसतं. त्यामुळं कोबा अक्काचा असला तरी पहारा दाजींचा. खुर्च्यांच्या पायांत त्यांचेच जुने मोजे, पाट्याखाली पोत्याची घडी, मिक्सरखाली टॉवेल. गॅसवाला सिलिंडर तिरका करून कडेवर गरगर फिरवत आणतो ना, तो आवाज गल्लीच्या तोंडाला आला की दाजी खाली अंथरायला सायकलचं जुनं टायर घेऊन दारात उभे. "काका, सिलिंडर हाय, बाळंतीण न्हाय," असं गॅसवाला एकदा वैतागून म्हणाला. दाजी शांतपणे म्हणाले, "बाळंतीण चालत येती की. ह्ये कडंवर येतंय."

जड वस्तू हलवायची त्यांची स्वतःची विद्या आहे. "ढकलायचं न्हाय पावणं, समजावून न्यायचं," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी त्यांचा सख्खा मेहुणा, पण वजन उचलायचं असलं की मी 'पावणं' होतो आणि माझा मान अचानक वाढतो. दळणाची घरघंटी आणली तेव्हा त्यांनी कच्चे बटाटे अर्धे कापून, कापलेली बाजू खाली करून, तिच्या चारी पायांखाली ठेवले. घरघंटी खरोखर लोण्यावरून गेल्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसली. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्का म्हणाली, "चौघांची भाजी सारवली की वो भुईवर!" पुढं दोन दिवस कोब्याला बटाट्याचा वास येत होता आणि दाजी तो मोठ्या समाधानानं घेत होते.

पण फ्रीजपुढं ही विद्या थांबली. फ्रीज आला तो दोन दांडग्या गड्यांबरोबर, पायांत बूट घालून. "ढकलूया की आत," म्हणत ते निघाले आणि दाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हात पसरून उभे राहिले. "आज न्हाय. नीट बेत करून नेऊ. तवर सोप्यात असूदे." झालं! फ्रीज बाहेरच्या सोप्यात, कोचाशेजारी, पाव्हण्यांच्या बैठकीत स्थायिक झाला. आल्यागेल्याला गार पाणी हाताशी मिळायला लागलं, शेजारची पोरं बर्फाला यायला लागली. आणि अक्का दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून सोपा आणि तिथून परत, अशी दिवसभर फिरत राहिली. मी आठवण काढली की दाजी म्हणायचे, "बेत चाललाय." किती वर्षं चालला म्हणून सांगू! त्या फ्रीजवर ठेवलेल्या फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलंसुद्धा विटून गेली.

मग अक्काचे गुडघे बोलायला लागले. शेवटी ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज ठरवून देऊ तेवढंच चालायचं, घरात उगीच येरझाऱ्या घालायच्या नाहीत. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दाजी स्वतःच्या चपलांकडं बघत होते. मग म्हणाले, "कोबा सांभाळला पावणं, गुडघं न्हाय सांभाळलं." मला एकदम गलबलून आलं. ते उठले. "चला. बेत झाला."

घरी जाऊन त्यांनी आधी कोबा दोनदा झाडला, मग ओल्या फडक्यानं पुसला, मग गुडघ्यांवर बसून तळहातानं चाचपला. "वाळूचा एक कण घात करतोय." फ्रीज रिकामा केला, दार साडीनं बांधलं, उंबऱ्यांवर फळ्या टाकल्या. मग ट्रंकेतून काढली ती वाकळ. आमच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवून अक्काला लग्नात दिलेली. मी म्हटलं, "दाजी, अक्का जीव घेईल." "घेऊदे. तिच्यासाठीच चाललंय." मी फ्रीज मागं कलंडवून धरला, त्यांनी वाकळ खाली सरकवली. मग मी अनवाणी पुढून वाकळ ओढतोय आणि दाजी मागून, "वडा... हळू की वो! तालमीत आलाय व्हय? ...आता समजावून, समजावून..." असं करत फ्रीज माजघर ओलांडून स्वयंपाकघरात, कट्ट्याशेजारी जाऊन उभा राहिला. दाजी मोबाईलची बॅटरी लावून पोटावर पडले आणि सगळा कोबा बघून आले. एक ओरखडा नाही. त्यांचं तोंड असं फुललं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. शेजारून वॉकर मागून आणलेला. बघतो तर त्याच्या चारी पायांना दाजींनी फ्रीज ओढताना फाटलेल्या वाकळेच्या चिंध्या बांधलेल्या. मी ओरडलोच, "अहो दाजी, घसरून पडंल की ती!" ते चपापले, खाली बसले आणि गाठी सुटेनात म्हणून दातानं सोडायला लागले. चिंध्या निघाल्यावर दिसलं, एका पायाचं रबर कडेला झिजून आतली नळी डोकावत होती. "थांब गं, नवं रबर घेऊन येतो," दाजी म्हणाले. पण अक्का उभी राहिली होती. "दवाखान्यातला च्या पिऊन तोंड आंबलंय. माझ्या हातानं करणार," म्हणाली आणि तिनं उंबरा ओलांडून वॉकर कोब्यावर टेकला, पुढं सरकवला. कर्र! लाल कोब्यावर पांढरी रेघ.

मी दाजींकडं बघायला लागलो. अक्काही थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, गुडघ्यासाठी नव्हे, कोब्यासाठी. दाजी तिच्या मागं आधाराला हात पसरून उभे होते. ते म्हणाले, "चाल तू. भुई कुठं पळून जातीया?" ती चालली. कर्र, कर्र, फ्रीजपर्यंत. तिथं पोचल्यावर तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आणला व्हय शेवटी आत?" दाजींनी नुसती मान हलवली. त्या दिवशीचा चहा भलताच गोड झाला होता, तरी तिघांनीही तो संपवला.

आता अक्का आपल्या पायांनी हिंडते. वॉकर नवं रबर बसवून शेजारी परत गेला. गॅसवाला आला की दाजी अजून टायर घेऊन दारात असतात. मध्यंतरी मी कोबा घासून देणारा एक गवंडी शोधला, तर माझ्यावरच उखडले. "हात लावायचा न्हाय त्या रेघंला. तुमची अक्का चालली ती तिथनं." परवा सकाळी गेलो होतो. अक्का मोजे घातलेल्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होती आणि दाजी तिला दूध काढून द्यायला फ्रीजकडं निघाले होते. दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून आपण जातो ना, तसे ते त्या रेघेच्या कडेकडेनं गेले.