खालच्या खणातले डबे

मिलिंद गेल्याचं त्याच्या मुलीने, मैत्रेयीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, ‘कसा?’ तिला वाटलं असेल, काका काळजीने विचारतायत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या क्षणी त्याचं गॅरेज होतं, तिथलं टेबल आणि टेबलाला बोल्टने आवळलेलं ते लोखंडी यंत्र. “हार्ट अटॅक, काका. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये,” ती म्हणाली. भर दुपारी, हातात भाजीची पिशवी... गॅरेजचा काही संबंध नव्हता. मला हायसं वाटलं. मित्र गेल्याचं ऐकून हायसं वाटणारा माणूस मी. सहा आठवडे झाले, त्याची लाज काही जात नाही.

आमची ओळख इथली, अमेरिकेतल्या हर्नडनची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये खुर्च्या मांडताना झालेली. तो नागपूरचा, मी नाशिकचा, आणि दोघेही सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. म्हणजे संशय घ्यायचाच आम्हाला पगार मिळायचा. फरक इतकाच, की त्याचा संशय वस्तूंवर होता आणि माझा माणसांवर. गाडी लॉक केल्यावर तो दोनदा हँडल ओढून बघायचा, घरातून निघताना गॅसची बटणं एकेक करून हाताने चाचपायचा. मी मात्र कुणी जरा गोड बोललं, की याला माझ्याकडून काय हवंय हे शोधत बसायचो.

कॉलेजात एनसीसीमध्ये त्याने रायफल हातात घेतली होती. ती हौस इथे आल्यावर परत डोकं वर काढू लागली. शनिवारी रेंजवर जायचं आणि कागदी टार्गेटवर नेम धरायचा. तिथवर ठीक होतं. पण एक दिवस म्हणाला, वापरलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरायची आहेत, त्यासाठी प्रेस नावाचं हातयंत्र घ्यायचं आहे, तू चल. मी कान टवकारले. इतकी काडतुसं याला हवीत कशाला? विहारात आमच्याबरोबर पंचशील म्हणणारा माणूस हा. मी तसं बोलूनही दाखवलं.

“कागदावर मारतो यार. कागदाला कुठे जीव असतो?”

आम्ही तीन शनिवार त्या दुकानात गेलो. दुकानदार सगळ्यांत भारी प्रेस त्याच्या गळ्यात मारायला बघत होता. तिचा दांडा एकदा खेचला की सगळी कामं एकदम, दर खेपेला एक तयार काडतूस बाहेर. आता हा हीच घेणार आणि मग मला कळेल याच्या मनात काय आहे, असा विचार करत मी बाजूला उभा. मिलिंद वाकून तिच्या आत, खाली, मागे बघत राहिला. शेवटी त्याने सगळ्यांत साधी प्रेस घेतली, एका वेळी एकच काम करणारी. म्हणजे प्रत्येक काडतूस चार-पाच वेळा हातातून जाणार. असं का, म्हणून मी गाडीत विचारलं.

“सगळं एकदम झालं तर मी बघू कधी? एखाद्यात दारू दुप्पट पडली, तर बंदूक हातातच फुटते, दिलीप.”

उत्तर पटण्यासारखं होतं, मला पटलं नाही. एवढा वेळ घालवायला तयार असलेला माणूस मला उलट जास्तच संशयास्पद वाटला.

त्यानंतर मी अधूनमधून न सांगता जायला लागलो. निमित्त काहीही, कधी चकलीचा डबा परत करायचा, कधी ड्रिल मागायची. खरं तर मी पाळत ठेवत होतो, दुसरा शब्द नाही. मी आत शिरलो की त्याचा हात दांड्यावर थांबायचा. “ये, बस,” म्हणून थर्मासमधला चहा ओतायचा आणि आम्ही तास-दीड तास गप्पा मारायचो, नागपूरच्या, मुलांच्या, ऑफिसच्या. मी उठलो की तो माझ्याकडे पाठ करून समोरच्या डब्यावर एक लेबल लावायचा, त्यावर काहीतरी लिहायचा आणि डबा टेबलाखालच्या खणात टाकून कुलूप लावायचा. मी उठल्यावरच का? मी मान उंचावून वाचायचा प्रयत्न करायचो, पण जमायचं नाही.

शेवटी मला राहवलं नाही. हॉलमध्ये दोघा-तिघांजवळ बोलून गेलो, मिलिंदच्या गॅरेजवर जरा लक्ष ठेवायला हवं. ते त्याच्यापर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. त्याचा फोन आला. “तुला माझ्याबद्दल काही विचारायचं असेल, तर मला विचार ना.” आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, “छे रे, कुठे काय...” आणि जाणंच बंद केलं. दोन वर्षं झाली त्याला. मी मनाची समजूत घातली होती की आता त्यालाच माझा संशय येतो.

मागच्या रविवारी वहिनींनी गॅरेज आवरायला बोलावलं. प्रेस टेबलावर तशीच होती. मैत्रेयीने खालचा खण उघडला आणि डब्यांवर माझं नाव दिसलं. अकरा डबे, प्रत्येकावर माझं नाव! काडतुसांच्या डब्यांवर! खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात वाईटच आलं.

“ओह, ते डू-नॉट-शूट बॉक्सेस आहेत, काका,” मैत्रेयी म्हणाली. “बाबांचा रूल होता. काम करताना कुणाशी बोललं, की ती पूर्ण बॅच बाद. आम्हाला तर ते आतच येऊ द्यायचे नाहीत.”

मी एक डबा उजेडात धरला. तारीख, आणि खाली त्याचं गोल, सुटं अक्षर: ‘दिलीप आला. गप्पा झाल्या. वापरायची नाहीत.’ दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. बायकोला, मुलीला दाराबाहेर ठेवणाऱ्या या माणसाने मला एकदाही ‘नंतर ये’ म्हटलं नव्हतं. अकरा वेळा त्याने हातातलं काम वाया जाऊ दिलं आणि चहा ओतला. मी ज्या लेबलांवर पाळत ठेवली, त्यांवर तो मी आल्याची नोंद करत होता.

रेंजवाले येऊन ते डबे घेऊन जाणार आहेत. वहिनींना विचारून मी एक लेबल सोलून घेतलं. वरच्या शेल्फवर मागच्या दोन वर्षांतले डबे नीट रचून ठेवलेत. प्रेसचा दांडा वर आहे, शेजारी मी बसायचो ते स्टूल. त्या दोन वर्षांतल्या एकाही डब्यावर कुणाचं नाव नाही. ते सगळे चांगले आहेत.