खंडेनवमीला खाली ठेवलेलं यंत्र

माझे सासरे दर रविवारी दुपारी राक्षस मारतात. सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. रिफायनरीतून निवृत्त झालेला, ऐंशीला टेकलेला माणूस जेवण उरकून टीव्हीसमोर बसतो, कानाला हेडफोन लावतो, तरी नातवाचा आवाज टीव्हीवरही मोठा ठेवतो आणि जर्मनीतल्या त्या नातवाला विचारतो, "उठलास का रे?" तिकडे तेव्हा सकाळ असते. मग दोघं मिळून जंगलात शिरतात.

गेमचा कन्सोल माझ्या मुलाचा. नोकरीसाठी गेला तेव्हा तो इथेच टाकून गेला आणि तिकडे जाऊन त्याने नवा घेतला. मी जुना विकायला काढला होता. सासरे म्हणाले, "राहू दे, बघतो जरा." बघता बघता ते त्या खेळाच्या पार आहारी गेले. खेळ म्हणजे एक मालिका आहे, जादूगार, गुहा, बोलणारी झाडं, तलवारी असलं सगळं असलेली. पहिल्या तीन भागांत नकाशा नव्हता, वाट डोक्यात ठेवावी लागायची. माझ्या मुलाच्या डोक्यात वाट राहत नाही, शाळेत असल्यापासूनच. सासऱ्यांच्या राहते.

त्यामुळे दर रविवारी आमच्या हॉलमध्ये हेच ऐकू यायचं. "आजोबा, पडक्या पुलानंतर कुठे?" "डावीकडे. तो वठलेला वड दिसतोय ना, त्याच्या मागून." आणि वडापासून पुढच्या गुहेपर्यंत चालायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात बाकीचं सगळं निघायचं. काय जेवलास, बर्फ पडला का, तो साहेब अजून त्रास देतो का. नोकरी बदलायचं त्याच्या मनात आहे हे मला स्वयंपाकघरातून कान देऊन कळलं. एका मुलीबरोबर तो कॉफी प्यायला जातो हेसुद्धा तसंच. मी आई आहे त्याची! मला फोन केला की "हां आई, ठीक आहे आई," करून दोन मिनिटांत आटपतो. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

पण हे त्या दोघांचं जुनंच आहे. तो लहान असताना सासरे त्याला स्कूटरवर पुढे उभा करून आमच्या बडोद्याजवळच्या पादरा गावी न्यायचे, त्यांच्या एका मित्राच्या शेतावर. रस्ता त्यांच्या पायाखालचा. तरी दर नाक्यावर स्कूटर थांबवायचे आणि म्हणायचे, "जा, त्या काकांना विचार पादरा कुठे." पोरगं पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, जाऊन गुजरातीत विचारायचं. तो माणूस सांगायचा, "सीधा जाव बेटा, पछी आगळ पूछजो." पुढे जाऊन पुन्हा विचार, म्हणजे पुन्हा थांबणं आलंच. अर्ध्या तासाच्या वाटेला दुपार लागायची. मी चिडून म्हणायचे, "बाबा, तुम्हाला रस्ता ठाऊक आहे, मग पोराला उन्हात कशाला उतरवता?" ते म्हणायचे, "रस्ता विचारायला कुठे उतरवतोय ग? माणसाशी बोलायला उतरवतोय."

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्या मालिकेचा चौथा भाग आला आणि त्यात आलं यंत्र. खेळात त्याला लांबलचक नाव आहे, आम्ही आपलं यंत्र म्हणतो. तळहाताएवढी पितळी चकती. ती हातात धरली की जमिनीवर निळी रेघ उमटते आणि त्या रेघेवरून चालत राहायचं, बस. चकती बोलते. पुढे कोण दबा धरून बसलाय ते बघायला एक छोटं उडतं पाखरू सोडते. सरळ सांगायचं तर मोबाइल आणि ड्रोन.

पहिल्याच रविवारी दोघांची जुंपली.

"राक्षसांच्या राज्यात मोबाइल कशाला रे?"

"आजोबा, तुम्हाला ड्रॅगन चालतो आणि फोन चालत नाही?"

"मग राक्षसालाही एक दे. फोन करून सांगेल, आज घरी नाही, उद्या मारायला या."

मुलगा खूप हसला, पण यंत्र काही त्याने सोडलं नाही. खरं सांगते, मीसुद्धा त्याच्याच बाजूची होते. शहरातल्या गोरवा भागात ऑफिसला जाताना एखादा रस्ता खणलेला असला तर मीही फोनच पुढे धरते. ड्रॅगनही खोटा, फोनही खोटा, मग एवढं भांडायचं काय?

ते मला पुढच्या रविवारी कळलं. हॉल शांत होता. टीव्हीवर माझ्या मुलाचा योद्धा निळ्या रेघेवरून धावत सुटला होता आणि सासऱ्यांचा म्हातारा तिरंदाज मागून धापा टाकत येत होता. "या ना आजोबा, चला," एवढंच मधूनमधून. वडाची खूण कुणी विचारली नाही, त्यामुळे बर्फाचं आणि साहेबाचंही काही निघालं नाही. गुहा लवकर आली, राक्षस लवकर मेला, "चला, पुढच्या रविवारी," झालं. सासऱ्यांनी हेडफोन काढला, माझ्यासमोर येऊन बसले आणि गवार मोडायला घेतली. म्हणाले, "आता त्याला माझी गरज लागत नाही. बरंच झालं म्हणायचं." 

मी त्यावर पुष्कळ विचार केलाय, गाडी चालवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. परीकथेत रेल्वे आली तरी बिघडत नाही, असं मला वाटतं. बंदूक येऊ दे, विजेचे दिवे येऊ देत. रेल्वे चुकते, तिच्यात शेजारी कुणीतरी बसतं, डबा उघडतो, गोष्ट पुढे जाते. पण ज्या वस्तूमुळे कुणाला काही विचारावंच लागत नाही, ती आली की गोष्टीतलं एक माणूस उठून जातं. राक्षस तेवढाच राहतो, तलवार तेवढीच राहते. खेळ करणाऱ्यांना ते कुठून दिसणार? त्यांनी वाट सोपी केली, एवढंच त्यांच्या लेखी. इथे बडोद्यात गवार मोडत बसलेला तिरंदाज त्यांच्या हिशेबात कुठला असायला!

त्याच दुपारी मी फोन उचलला होता. मुलाची चांगली खरडपट्टी काढायची होती. सासऱ्यांनी आवाज चढवला, जो ते कधी चढवत नाहीत. "खबरदार! भीक मागून गप्पा नकोत मला. त्याला वाटलं तर तो बोलेल." माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. तरी मी फोन ठेवून दिला.

मग नवरात्र आलं आणि खंडेनवमी नेमकी रविवारी पडली. आमच्या घरात त्या दिवशी ज्याच्यावर ज्याचं पोट चालतं ते पूजेला लागतं. सासऱ्यांचा जुना पाना आणि टेस्टर, नवऱ्याचा लॅपटॉप, माझी विळी. हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळी पाटावर गेली की माझी पंचाईत, म्हणून दरवर्षी आमच्याकडे नवमीला हाताने कुस्करलेल्या बटाट्याची भाजी असते. रात्री गरब्याचे भोंगे ऐकून अर्धवट झोपलेले आम्ही ती खाऊन उठलो आणि सासरे टीव्हीसमोर बसले.

"आज नवमी आहे," त्यांनी नातवाला सांगितलं. "तलवार खाली ठेव."

"आजोबा! गेममध्ये?"

"का? तुझा तो योद्धा पोट कशावर भरतो?"

मी आतून ओरडले, "बाबा, मग तो हातातला रिमोट आधी पाटावर ठेवा!"

"हे खेळणं आहे," ते मागे न बघता म्हणाले. "खेळण्याची पूजा नसते." म्हणजे नियम करणारेही हेच आणि सूट घेणारेही हेच!

पण माझा मुलगा या घरात वाढलाय. नवमीच्या दिवशी पाटावरची फूटपट्टी उचलली म्हणून लहानपणी त्याने माझ्या हातचा धपाटा खाल्लाय. एका पडक्या देवळाच्या पायरीवर त्याच्या योद्ध्याने तलवार ठेवली. सासऱ्यांनी धनुष्य ठेवलं. मग ते म्हणाले, "ते यंत्रही."

मी हात पुसत दारात येऊन उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीला मुलगा नाही म्हणाला असता तर सासरे पुन्हा त्या खुर्चीत बसले नसते, मला माहीत आहे. टीव्हीवर योद्धा खाली वाकला आणि पितळी चकती तलवारीशेजारी ठेवली गेली. निळी रेघ पुसली गेली.

"आता कुठे जायचं, आजोबा?"

"मला काय माहीत? मीही पहिल्यांदाच आलोय इथे."

त्या दिवशी ते दोघं इतके भरकटले की विचारू नका. एकाच ओढ्यावर तीन-चारदा आले. हातात शस्त्र नाही, म्हणून कोल्हा दिसला तरी पळत सुटायचे, आणि पळताना सासरे खुर्चीत पाय आखडून घ्यायचे. झाडावर लपून बसले असताना मुलगा म्हणाला, "आजोबा, ती कॉफीवाली आता बोलत नाही माझ्याशी." सासरे म्हणाले, "हं. नीट सांग बघू काय झालं." मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली, फाफडा-जिलेबी झाली, विळी पाटावरून माझ्या हातात आली. पुढच्या रविवारी सासऱ्यांनी स्वतःच विचारलं, "उचललंस का रे यंत्र?"

"नाही. राहू दे तिथेच. तुम्ही सांगा, इथून डावीकडे की उजवीकडे?"

तेव्हापासून हॉलमध्ये पुन्हा वड, ओढा, पडका बुरूज सुरू झालं. सासरे आठवडाभर वाटा घोकायला लागले. सकाळी जवळच्या छाणी गावापर्यंत फिरून यायचे आणि चहा पिताना मला सांगायचे की त्या बुरुजामागे एक चोरवाट असणार.

दिवाळीत मुलाचा मला फोन आला. मी लाडात येऊन म्हटलं, "बरं झालं रे यंत्र सोडलंस. आजोबांशिवाय तुला वाट सापडत नाही, त्यांना किती बरं वाटतं."

तो म्हणाला, "आई, आजोबांना सांगणार नसशील तर एक सांगतो. दसऱ्यानंतरच्याच आठवड्यात मी तो भाग एकट्याने वेगळा खेळून संपवला. यंत्र घेऊन. त्यातली प्रत्येक वाट मला पाठ आहे आता."

"मग दर रविवारी विचारत कशाला बसतोस? परवा त्यांनी उजवीकडे सांगितलं, तुम्ही दलदलीत पडलात!"

"हो, दलदल आहे ते ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "पण आई, पादऱ्याचा रस्ता आजोबांना कुठे ठाऊक नव्हता?"

काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला आणि तोंडाला पदर लावून सिंकपाशी उभी राहिले.

परवाच्या रविवारी खेळ संपवून सासरे माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा फुललेला. वाटाण्याची शेंग सोलत म्हणाले, "काय पण पोरगं आहे! एवढं शिकलं, परदेशात राहतं, आणि अजून साधी डावी-उजवी कळत नाही त्याला. मी नसतो तर काय केलं असतं ग याने?"

"देव जाणे बाबा," मी म्हटलं, आणि आणखी शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या.